दार उघडणारी दिनाआत्या

खिशातला फोन थरथरला तेव्हा मी दिनाआत्या झालो होतो. बेळगावात एका सोसायटीच्या वर्धापनदिनाला माझं कथाकथन चाललं होतं. उपरणं पदरासारखं डोक्यावरून ओढलेलं, एक गुडघा वाकवलेला, आवाज चिरका... फोन थांबेना, तेव्हा खिशावर हात दाबून मी आत्याच्याच आवाजात म्हणालो, "थांबा रं, एलियाहू आला वाटतं, दार उघडती!" सभागृह हसून फुटलं. टाळ्या घेतल्या, वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि मग फोन पाहिला. निपाणीहून बसप्पांचा होता. परत लावला. "बेनीसाहेब," ते म्हणाले, "दिनाआक्का गेल्या बघा. खुर्चीत बसल्या बसल्याच..." माझ्या डोक्यावर अजून तिचा पदर होता.

त्याला आता काही आठवडे झाले. ज्या गोष्टीवर मी आयुष्यभर टाळ्या घेतल्या, ती आज हसं न मागता लिहायचा प्रयत्न करतो. सवय वाईट आहे, मध्येच नकला सुरू झाल्या तर सांभाळून घ्या.

आमचं घर बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्हाला 'शनवार तेली' म्हणत. आजोबा तिथून तंबाखूच्या वखारीत कारकून म्हणून निपाणीला आले आणि इथलेच झाले. अख्ख्या गावात ज्यूंचं घर एकच. त्यामुळे आम्ही नेमके कोण, हे गावाला कधीच कळलं नाही. मुसलमान शेजारी समजत, हे ख्रिश्चन, ख्रिश्चन समजत, हे मुसलमान, आणि जैन वाणी म्हणे, "काय का असंनात, शनवारी उधारी मागायला येत न्हाईत, लई चांगली माणसं." आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. आमची आई लवकर गेली, तेव्हा मला आणि धाकट्या शालोमला तिनंच वाढवलं. आमच्या माणसांनी एकेक करून इस्राएलची वाट धरली, तेव्हा तिलाही बोलावणी आली. ती गेली नाही. "आपण समदी गेलो आणि तो हितं आला, तर दार कोण उघडनार?" एवढंच तिचं कारण.

तो म्हणजे एलियाहू हन्नाबी. जिवंतपणी अग्निरथातून स्वर्गात गेलेला आमचा संदेष्टा. जगाची सुटका करणारा मशीहा येण्याआधी वर्दी द्यायला हाच येणार, अशी आमची श्रद्धा. वल्हांडणाच्या सणाला, चैत्री पौर्णिमेच्या आसपास, बिनखमिरी भाकरीचं जेवण झालं की त्याच्यासाठी पेला भरून ठेवायचा आणि घराचं दार उघडायचं. शेवटी सगळ्यांनी म्हणायचं, "पुढच्या वर्षी येरुशलेमात!" आत्या पेल्यात काळ्या मनुकांचं सरबत ओतायची आणि एक खुर्चीही मांडायची. खुर्ची आमच्यात सुंतेच्या वेळी मांडतात, या सणाला नाही, असं मी एकदा शहाणपणानं सांगितलं. "म्हातारा मानूस घाट चढून येनार," ती म्हणाली, "उभ्यानं सरबत प्यायचं व्हय त्यानं?" अलिबागकडच्या खंडाळ्याला त्याचा रथ एकदा टेकला होता, असं आमचे लोक मानतात. आत्याचा नकाशा त्यावरूनच तयार झालेला. "कोकणात तर उतरलाच हाय. फोंडा घाट चढला की निपाणीच की!"

एका वर्षी सीमाप्रश्नावरून दंगल पेटली आणि गावात संचारबंदी लागली. नेमका तोच सण. बाहेर चिटपाखरू नाही, सगळी दारं बंद, आणि आत्यानं खुशाल दार सताड उघडलं. आम्ही दोघं भाऊ श्वास रोखून उंबऱ्याकडे बघतोय, तोच बुटांचा आवाज आला. शालोमनं माझा दंड पकडला. दारात एक धिप्पाड आकृती, हातात काठी! "बागिलु हाक्री!" आकृती गरजली. दार लावा. एलियाहू कानडी बोलतो, हे मला तेव्हा कळलं. तो हवालदार होता, नवीनच बदलून आलेला. आत्यानं त्याला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "बर्री, कूडरी." या, बसा. आणि त्या खुर्चीत बसवून मनुकांचं सरबत त्याच्या हातात दिलं. बिचारा दिवसभर उपाशी होता. एका दमात प्याला. बाहेर मराठी-कानडी एकमेकांची डोकी फोडत होते आणि आत कानडी पोलीस आमच्या संदेष्ट्याच्या खुर्चीत बसून दुसरा पेला मागत होता.

हेच ते बसप्पा. निपाणीतच स्थायिक झाले, निवृत्त झाले आणि दरवर्षी सणाला हजर राहू लागले. दार उघडून झालं की बाहेर डोकावून म्हणत, "आज बी आले न्हाईत व्हय तुमचे सायेब? आमचे डीवायएसपी असेच. बंदोबस्त लावायचा, आनि येयाचं न्हाई." आत्याला याचा राग कधी आला नाही. "येनार," म्हणायची. "आपन एका ताटावर बसलो की येनार. मानसं फुटलेल्या घरात त्यानं तरी पाय कसा ठेवायचा?"

हे वाक्य माझ्यासाठी होतं. शालोम इस्राएलला निघाला तेव्हा निरोपाच्या जेवणात मी त्याची नक्कल केली होती. पवित्र भूमीवर पाऊल ठेवणारा शालोम, डोक्यावर लोणच्याची बरणी, मागून वडील खोकतायत आणि हा मान न वळवता चाललाय... घर हसून लोळलं. वडीलही हसले. शालोमही हसला. विमानात बसेपर्यंत हसतच असावा. त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं. मग मीही मानी झालो. आत्या रविवारी त्याच्याशी बोलायची, सोमवारी माझ्याशी, आणि दोघांचे निरोप आपल्या पदरची साखर घालून इकडून तिकडे पोचवायची.

मग तिकडे युद्ध पेटलं आणि शालोमचा मुलगा योनी सैन्यात ओढला गेला. आत्या टीव्ही बघेना, वर्तमानपत्र वाचेना. तिनं एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस केला. गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, वर फळं, त्याभोवती प्रार्थना. आमचा नवस असाच फेडतात. पण हिनं नवसाला अट घातली. पोरगा सुखरूप आला, तर त्याचा बाप आणि चुलता एका ताटातला मलिदा खातील. मी हसून म्हणालो, "आत्या, नवस तू करायचा आणि फेडायचा आम्ही?" ती म्हणाली, "मग? मी पोहे भिजवती. तेवडं माझं काम."

योनी सुखरूप आला. आत्यानं दोघांना कळवलं. शालोम म्हणाला, विमानं सुरळीत झाली की बघू. मी म्हणालो, हा हंगाम कार्यक्रमांचा आहे, जरा थांबू. दोघंही खोटं बोलत नव्हतो... आणि खरंही. गेल्या सणाला तिचा फोन आला. "बेन्या, गुडघं लई दुखत्यात रं. दार जड झालंय. येतोस उघडायला?" त्या संध्याकाळी माझा पुण्यात कार्यक्रम होता. "पुढच्या वर्षी, आत्या," मी म्हणालो. ती म्हणाली, "बरं. पुढच्या वर्षी." दोन हजार वर्षं आमचे लोक ज्या शब्दांवर तग धरून राहिले, ते मी तारीख टाळायला वापरले. त्या संध्याकाळी पुण्यात मी कोणती गोष्ट सांगितली, हे वेगळं सांगायला नको. दंगल, दार, हवालदार. तुफान हशा.

तिला बेळगावात पुरलं. कॅम्पाजवळ एका जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यात आमची थोडी थडगी आहेत. मृतासाठीची कद्दिश प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. आम्ही तिघंच होतो: मी, माझा मुलगा आणि धारवाडहून आलेले एक म्हातारे मामा. बाकी निपाणीहून दोन ट्रक भरून माणसं आली होती. तिच्या विद्यार्थिनी, त्यांच्या सुना, जैन वाणी, मुल्लाजी, बसप्पा. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आता हा काहीतरी म्हणेल म्हणून. इतके श्रोते, आणि मला म्हणता येईना. शेवटी 'शमा इस्राएल' तेवढं म्हटलं. ऐक, इस्राएला, परमेश्वर एक आहे...

घरी येऊन शालोमला फोन लावला. इतक्या वर्षांनी. त्यानं उचलला. मी म्हणालो, आत्याला पुरून आलो. मग तो म्हणाला, "सनाला दार कुनी उघडलं रं?"

"बसप्पांनी."

"तू?"

"पुण्यात होतो."

वाटलं, ठेवेल फोन. त्यानं नाही ठेवला. "मी बी न्हवतोच की," म्हणाला. आणि मग, "येतो मी. पुढच्या..." एवढं बोलून तो अडखळला. मीही ते वाक्य पुरं केलं नाही. त्याच आठवड्यात त्यानं तिकीट काढलं. पण विमानं पुन्हा बंद झाली. तो विमानतळावरून दोनदा परत गेला आहे. दोन्ही वेळा फोन केला. मला त्याचं बोलणं ऐकून नकला सुचतात. मी त्या गिळतो.

महिना झाल्यावर मी निपाणीचं घर आवरायला गेलो. स्वयंपाकघरात बरणीत पोहे होते, शेजारी फडक्यात बांधलेला गूळ. मलिद्याचं मोठं पितळी ताट घासून, पालथं घालून ठेवलेलं. काही हलवलं नाही. बाहेर आलो, दार ओढलं. खरंच जड आहे. पावसाळी फुगलंय, उघडायला खांदा लावावा लागतो. म्हातारीनं ते इतकी वर्षं एकटीनं ओढलं... कुलूप लावायला हातात घेतलं, तर ओट्यावर बसप्पा बसलेले.

"सणाला ती काय म्हणाली हो, तुम्ही दार उघडल्यावर?" मी विचारलं.

"काय न्हाई. बाहेर बघितलं. रस्ता मोकळाच होता. मग म्हनल्या, बसप्पा, जरा येळ उघडंच ऱ्हाऊ द्या. पोरं लांबनं येत्यात."

बसप्पा गुडघ्यावर हात टेकत उठले, खांद्यानं दार ढकलून आत गेले आणि ती खुर्ची उचलून उंबऱ्याशी घेऊन आले. एकदा याच दारात उभं राहून 'दार लावा' म्हणून गरजलेला तो माणूस खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "कुलूप ऱ्हाऊ द्या साहेब. तुमचे भाऊ येईतोवर दिवसा मी बसतो हितं."