हिरव्या ठिपक्याखालचे कांदे

नकाशावर चार्जर मोकळा असला की हिरवा ठिपका दिसतो, गाडी लागली की निळा, बिघडला की लाल. पिंपळे गुरवच्या ऑफिसात बसून मी दिवसभर हे ठिपके बघतो आणि इलेक्ट्रिक गाडी घेऊन अडकलेल्यांना फोनवर वाट दाखवतो. चाकणच्या बाजाराशेजारचा ठिपका कायम हिरवा. तिकडे कुणी फिरकतच नसे. म्हणून मीच आबांना, माझ्या वडलांना, मोठ्या शहाणपणाने सांगितलं होतं की लिलावाला नंबर लागेपर्यंत कांद्याच्या पिशव्या त्या चार्जरच्या शेडखाली लावत जा. वर पत्रा आहे, कांदा तापायचा नाही. पोराचा सल्ला त्यांना फार आवडला होता.

त्या दुपारी एका बाईंचा फोन आला. त्या राजगुरुनगरकडून येत होत्या, शेजारी सासूबाई, पिंपरीच्या हॉस्पिटलात चार वाजता डायलिसिस. आधीचं डायलिसिस चुकलेलं, त्यामुळे सासूबाईंना धाप लागत होती. बॅटरी सहा टक्के. वाटेतला एक चार्जर बंद निघाला होता, म्हणून बाई चिडलेल्या होत्या आणि घाबरलेल्याही. मी एसी बंद करायला लावला आणि बाजाराशेजारचा चार्जर त्यांच्या नावावर बुक केला. तो नक्की मोकळा आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी ठामपणे हो म्हणालो.

फोन ठेवला आणि आठवलं, आज बाजार आहे.

आमच्या ॲपला वायर जोडली आहे की नाही एवढंच कळतं. समोर पिशव्यांची थप्पी आहे हे त्याला कळत नाही. पण मला तर कळायला हवं होतं ना. टेबलावर मोबाइल चालत नाही आणि हेडसेटवरचा शब्दन्‌शब्द रेकॉर्ड होतो, म्हणून जिन्यात जाऊन आबांना फोन लावला. ते शेडखालीच होते. बावीस पिशव्या उतरवून टेम्पो निघून गेला होता आणि हमाल सगळे आत लिलावात. मी धडाधडा सगळं सांगून टाकलं.

“माझा नंबर आलाय जवळ,” आबा म्हणाले. मग थांबून, “बाई लई आजारी हाय?”

“हो, आबा.”

“मग ठेव फोन.”

पण फोन त्यांनी बंद केलाच नाही. तो तसाच खिशात राहिला आणि मला सगळं ऐकू येत राहिलं. पिशवी ओढल्याचा आवाज, खोकला, पुन्हा पिशवी. आबांच्या दुखऱ्या कमरेला कायम पट्टा असतो. दारातून आत डोकावलं की स्क्रीनवर बाईंची गाडी दिसे, चौकात कारखान्यांच्या बसांमागे अडकलेली. गाडी सुटली तर आबांचं आवरलेलं नसणार, नाही सुटली तर चार वाजून जाणार. देवाकडे काय मागावं तेच कळेना. तेवढ्यात लिलावात आबांच्या नावाचा पुकारा झाला. कुणीतरी त्यांना बोलवायला आलं. “जाऊ दे,” एवढंच ते म्हणाले, आणि पुन्हा ओढल्याचा आवाज.

ठिपका निळा झाला तेव्हा गाडीत तीन टक्के होते.

संध्याकाळी बाईंनी आवर्जून फोन केला. थोडा उशीर झाला, पण सासूबाईंना मशीनवर घेतलं होतं. “तुमचे उपकार विसरणार नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तिथे एका म्हाताऱ्याने चार्जरसमोर कांदे रचले होते. मी पोचले तरी शेवटची पिशवी ओढतच होता. चांगलाच झापला मी त्याला. बिनडोक लोक.”

ते माझे वडील आहेत आणि जागा मी दाखवली होती, हे सांगायला एक श्वास पुरला असता. कॉल रेकॉर्ड होत होता. मी म्हणालो, “धन्यवाद मॅडम.”

घरी आबा पालथे झोपले होते आणि आई कंबर शेकत होती. कांदा न विकता परत आला होता. लाजेने माझ्याच्याने जवळ जाववेना. बाईची सासू पोचली का, हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, “पिशव्या तुझ्या बापाच्या व्हत्या, हे सांगितलं न्हाईस ना?”

मी नाही म्हणालो.

“बरं केलंस. नोकरी हाय.”

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर चार घास तरी पोटात गेले असते.