मार्लिसचं उद्याचं उत्तर

मार्लिस हातायाचं गुणपत्रक बघून कॉलेजचे सल्लागार टीझडेल यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. आकडे तेच होते. शरीररचनेत दोनदा नापास, परवान्याच्या परीक्षेत एकदा आपटलेली, आणि बाईसाहेबांना व्हायचंय हाडांचं सर्जन! त्या प्रशिक्षणाच्या जागांसाठी वर्गातली पहिली दहा पोरंसुद्धा नखं कुरतडत बसतात. टीझडेलनी फॅमिली डॉक्टर होण्याचे फायदे अर्धा तास समजावले. मार्लिसने ते सगळे लिहून घेतले, आभार मानले आणि हाडांच्या ब्याऐंशी हॉस्पिटलांना अर्ज टाकले.

हट्ट घराण्यातच होता. बाप आर्नी अप्पर मिशिगनमध्ये लोकांच्या घरांवर छपरं घालायचा. तीस वर्षांत तीनदा छपरावरून पडला आणि तीनदा परत चढला. त्याचं मांडीचं हाड जोडलं तेव्हा मार्लिस अकरा वर्षांची होती. एक्स-रेतला खिळा आणि स्क्रू बघून ती म्हणाली, हे तर आपलंच काम आहे. तिचं ते मत आजतागायत कुणाला खोडता आलेलं नाही.

जिथे जागा हवी, तिथे आधी महिनाभर राबून दाखवायचं, अशी या धंद्यातली रीत. मार्लिसला तसा महिना एकाच ठिकाणी मिळाला, डलूथच्या हॉस्पिटलात. तिथल्या प्रमुख डॉ. ग्रेटा स्लोकम. बाई सकाळी सहाला राउंड घ्यायच्या आणि राउंडभर उमेदवारांना प्रश्नांनी सोलून काढायच्या. उमेदवारांचाही मंत्र ठरलेला: गप्प राहायचं नाही, काहीतरी ठोकून द्यायचं. एकाने पायाची नस हातात नेऊन ठेवली, पण आवाज इतका खणखणीत की पेशंटने मान डोलावली.

मार्लिसला ठोकून देणं कधी जमलंच नाही. पहिल्याच प्रश्नाला ती म्हणाली, "माहीत नाही. उद्या सांगते." बाकीच्या चौघांना हायसं वाटलं, एक तरी कटली. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला मार्लिसने खिशातून चिठ्ठी काढून कालचं उत्तर दिलं, अगदी बिनचूक. बाईंनी नवा प्रश्न टाकला. परत तेच, उद्या सांगते. महिनाभर हा खेळ चालला. प्लास्टरच्या खोलीतले लोक तिला 'उद्याबाई' म्हणायला लागले.

ब्याऐंशीतून मुलाखतीचं बोलावणं आलं ते एकट्या डलूथहून, जानेवारीत. आर्नीने डझनभर पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या तिकडच्या जाडजूड करंज्या, बांधून दिल्या आणि बजावलं की त्या डॉक्टरांपुढे ठेव, पोट भरल्यावर माणूस नाही म्हणत नाही. घाबरल्यामुळे चार तिने गाडीतच संपवल्या आणि बाकीच्या तिथेच विसरली.

स्लोकम बाईंनी गुणपत्रक टेबलावर पसरलं. "हे असले गुण. बाहेर रांग लागलीय. तुलाच का घ्यायचं?"

याचं उत्तर प्रत्येक उमेदवार आरशासमोर घोटून येतो. मार्लिसनेही अर्धं पान पाठ केलं होतं. पण समोर बाई, त्यांची ती नजर, आणि तोंडातून सवयीने निघालं, "माहीत नाही. उद्या सांगते."

शेजारच्या डॉक्टरांना कॉफीचा ठसका लागला.

गाडीत बसून ती हमसाहमशी रडली आणि बापाला फोन केला. आर्नीने सगळं ऐकून घेतलं. "मग उद्या सांग ना," तो म्हणाला. "रडतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाई राउंडला निघाल्या, तर दारात मार्लिस उभी. कोट कालचाच, बूट बर्फाने भरलेले.

"महिन्याभरात तुम्ही मला सव्वीस प्रश्न विचारलेत. तेव्हा एकही येत नव्हता. आता सगळे येतात. कुठलाही विचारा."

बाईंनी सात विचारले, मुद्दाम वाकडे निवडून. सातही बरोबर. आठवा मात्र त्यांनी नवाकोरा काढला.

"माहीत नाही," मार्लिस म्हणाली आणि थांबली. उद्या सांगते म्हणायला आता उद्या उरला नव्हता.

कुठली हॉस्पिटलं हवीत त्या पसंतीची यादी भरायची वेळ आली तेव्हा टीझडेलनी हात जोडले, निदान खाली एक फॅमिली डॉक्टरची जागा तरी लिही. तिने एकच नाव लिहिलं, डलूथचं. मार्चमधल्या निकालाच्या सोमवारी ती आर्नीबरोबर छपरावरचा बर्फ ढकलत होती. फोन वाजला. जागा मिळाली होती. मार्लिस तिथेच बर्फात बसली, आणि आर्नी चौथ्यांदा पडता पडता वाचला.

शुक्रवारी रीतसर पत्र हातात पडलं, आणि स्लोकम बाईंचा अभिनंदनाचा फोन आला. मार्लिसने धीर करून विचारलं, मला का घेतलंत?

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "उद्या सांगते."

शनिवारी सकाळी बरोबर सहाला फोन वाजला.

"अकरा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पहिल्या नंबरच्या पोराने ऑपरेशनमध्ये असंच एक उत्तर ठोकून दिलं. खणखणीत. मी विश्वास ठेवला. ती पेशंट अजून लंगडते. माहीत नाही म्हणणारं माणूस मी तेव्हापासून शोधत होते." मग बाईंनी राउंडचा आवाज काढला. "तो आठवा प्रश्न राहिलाय."

मार्लिसने खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला. जानेवारीपासून तिथेच असलेली चिठ्ठी काढली, उलगडली आणि वाचायला लागली.