झुकलेली वखार

माझ्या मुलीने अ‍ॅमस्टरडॅमला खोली घेतली ती एका जुन्या वखारीत. पाण्याला लागून उभी असलेली, उंच, चिंचोळी इमारत. कुणा व्यापाऱ्याने काही शतकांपूर्वी माल साठवायला बांधलेली. आता खाली कॉफीचं दुकान आणि वर भाडेकरू. माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, सारी हयात कल्याणच्या खाडीकाठच्या वखारीत गेली, आणि त्यांच्या नातीने एवढं शिकूनसवरून राहायला वखारच शोधावी, याचं मला हसू आलं. ते दादांना सांगावंसं फार वाटत होतं, पण सोय नव्हती. दादा तिच्याशी बोलत नव्हते आणि तिच्याविषयी ऐकूनही घेत नव्हते.

तिचं परदेशी जायचं ठरलं ते त्यांना तिकीट हातात आल्यावर कळलं. लहानपणी जिला खांद्यावर बसवून होड्या दाखवायला नेलं, तिच्या जाण्याची बातमी त्यांना घरात सगळ्यांत शेवटी. विमानतळावर ते आले नाहीत. त्याला दीड वर्ष झालं. तिचा फोन आला की दादा उठून गॅलरीत जायचे आणि दोरीवर कपडे असोत-नसोत, चिमटे इकडचे तिकडे करत बसायचे.

खरं सांगायचं तर चूक तिची नव्हतीच. मीच तिला म्हटलं होतं, एवढ्यात सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेतील. तिने माझं ऐकलं आणि नंतर त्यांचा रागही मुकाट्याने स्वतःवर घेतला. मीही गप्प बसले. एरवी मी तोंडाची फटकळ, पण हे एवढं एक वाक्य काही तोंडातून निघेना.

एका शनिवारी दुपारी मी कोथिंबीर निवडत होते आणि तिचा व्हिडिओ कॉल आला. रडवेली झाली होती. जुन्या बाजारातून तिने लाकडी कपाट घेतलं होतं आणि ते जिन्यातून वर जाईना. जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. दोन मैत्रिणी मदतीला होत्या, तिघी रस्त्यावर कपाटाशेजारी उभ्या.

"हे बघ ना आई," म्हणत तिने फोन वर करून इमारत दाखवली. माझ्या हातातली जुडीच पडली. भिंत चक्क रस्त्यावर झुकलेली!

"अगं, ही पडायला आलीय! तिथे नोटीस वगैरे लावत नाहीत का? आजच्या आज सोड ती खोली!"

आमच्याकडे इमारत जराशी कलली तरी महापालिकेचा माणूस येऊन धोकादायक म्हणून बोर्ड लावून जातो. मला दुसरं काय सुचणार?

"पडत नाही ती," मागून आवाज आला. दादा गॅलरीत गेलेच नव्हते. दारात थांबून माझ्या खांद्यावरून बघत होते. "मुद्दाम तशी बांधलीय. वर तुळईला आकडा आहे बघ. त्याला कप्पी लावून माल चढवायचा. भिंत पुढे झुकलेली असली की माल भिंतीला घासत नाही." मग म्हणाले, "आमची भिंत सरळ होती. वीस वर्षं मी बांबूने पोती भिंतीपासून लांब ढकलली. ह्यांनी भिंतच पुढे घेतली! डोकं आहे."

"आजोबा," ती म्हणाली.

"दोर आहे का?" त्यांनी विचारलं.

दोर आणि कप्पी खालच्या कॉफीवाल्याकडे निघाली. तिथे लोक सामान असंच चढवतात म्हणे, या तिघींनाच माहीत नव्हतं. दादांनी आमची कपडे वाळत घालायची दोरी सोडवून आणली, माझं स्टूल उलटं केलं आणि गाठ बांधून दाखवली. दोनदा, तीनदा, तिला जमेपर्यंत. "खालच्या अंगाला दुसरा दोर बांध. एकीने लांब उभं राहून तो ताणून धरायचा, नाहीतर कपाट गरगरेल आणि लोकांच्या काचा फोडेल." कॉफीवाला आणि एक मैत्रीण ओढायला, एक लांबचा दोर धरायला. माझी मुलगी वर खिडकीत, फोन चौकटीला टेकवून.

"हबेस!" दादा ओरडले. माल वर ओढायची ती गोदीतली हाळी मी लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकली. समोरच्या वहिनी दार उघडून बघायला आल्या. "हबेस! सावकाश! लांबचा दोर ढिला सोडू नको!" तिकडे माझी मुलगी खिडकीतून तेच ओरडत होती आणि खाली त्या परक्या देशातली माणसं त्यावर दोर ओढत होती.

कपाट आत आलं. ती घामाघूम होऊन हसत होती. इकडे दादा स्टुलाची गाठ सोडवायला लागले. मान वर न करता म्हणाले, "जाताना सांगितलं असतंस तर चांगला दोर दिला असता सोबत. माझ्याकडे होता."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आताही तिने माझं नाव घेतलं नाही, आणि मग मला राहवेना.

"दादा, सांगू नकोस असं मीच तिला म्हटलं होतं."

त्यांचे हात थांबले.

"दीड वर्ष?" एवढंच ते म्हणाले.

मग हात पुढे करून त्यांनी माझ्याकडून फोन घेतला, गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. मी कोथिंबिरीपुढे बसून राहिले. दादांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात.

"चुकलो गं मी," ते म्हणत होते. "आता दाखव, कुठल्या भिंतीला लावतेयस कपाट?"