जास्तीचा ‘द’
वेलदोडा ठेचला की येमेनची ती नर्स आठवते. परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी मी चौसाळ्यातून तिला ऑनलाइन इंग्रजी शिकवायचे, आणि ती पडद्यावर कॉफीसाठी वेलदोडे कुटत बसायची. अरबीत इंग्रजीतल्या ‘द’ या आर्टिकलसारखं ‘अल’ आहे, ‘अ’सारखं काहीच नाही, त्यामुळे ती जिथं तिथं ‘द’ लावायची. मी सांगायचे, अनोळखी पाहुण्याला ‘अ’, ओळख झाली की ‘द’. तिचं ‘द, द’ ऐकून आई आतून विचारायची, “दे दे कावून करायली गं ती, काय मागायली?” नोकरी लागली तसा तिचा फोन आला. इंग्रजी कुणी शिकवलं असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, “आय हॅव द फ्रेंड इन इंडिया.” तिथं ‘अ’ हवा होता. मी दुरुस्त करणारच होते, पण आईचा प्रश्न आठवला आणि तो ‘द’ मी तिला देऊन टाकला.