कांगारूचा बाप

जळकोटजवळच्या शाळेत मी पोरांना कांगारू शिकवतो. तक्त्यावर आईच्या पोटाच्या पिशवीतून कान टवकारून डोकावणारं पिल्लू असतं. 'सर, आत बसून ते काय करतं?' असं दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि मी ठोकून देतो, 'आराम.' खरं तर ते पिल्लू घेवड्याच्या दाण्याएवढं, आंधळं, उघडंनागडं जन्मतं. आईची लव धरून आपलं आपण पिशवीपर्यंत चढतं आणि आतल्या स्तनाला तोंड लावून कित्येक महिने तिथंच लटकून राहतं. पोटात वाढायचं राहिलेलं सगळं तिथं वाढतं. एवढा भाग परीक्षेला येत नाही, म्हणून मी गाळत आलो.

मग माझी मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली, लातूरच्या एका दवाखान्यात. बायको ऑपरेशननंतर तापानं फणफणलेली. मुलगी काचेच्या पेटीत, दुधासाठी नाकात नळी. चोखायची ताकदच नव्हती तिला. "आपण होऊन तोंड लावायला लागली, की निम्मी लढाई जिंकलो," डॉक्टरबाई म्हणाल्या. उरलेल्या निम्म्या लढाईबद्दल विचारायची माझी हिंमत झाली नाही.

एका दुपारी सिस्टर म्हणाली, "सर, शर्ट काढा. तुम्हाला कांगारू व्हायचंय. बाळाला उघड्या छातीची ऊब पाहिजे, अन् आई तर उठू शकत नाही."

"पिशवी मादीला असते, सिस्टर. नराला नसते." घाबरलो की मी शिकवायला लागतो.

"छाती तर असते ना नराला? की तीबी नाही?"

गळ्यातलं, हातातलं सगळं काढा म्हणाली. घड्याळ काढलं, अंगठी काढली. राहिलं दोऱ्यातलं, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. आम्ही लिंगायत, ते अंगावरून उतरवायचं नसतं. बाहेर बाकावर माझी आई बसली होती. तिला विचारता आलं असतं, पण पोराचा बाप झालेल्या माणसानं आईला काय विचारायचं! सिस्टरशी हुज्जत घालायचीही भीती. मग मी डबी हळूच काखेकडं सरकवली आणि वरून दवाखान्याचा झगा ओढून घेतला.

मुलगी छातीवर आली. ओल्या रुमालाएवढं ओझं. सिस्टरनं फडक्यानं दोघांना बांधलं आणि ती गेली. मुलीचा श्वास मध्येच थांबल्यासारखा व्हायचा, तेव्हा माझाही थांबायचा. ती पुन्हा घ्यायची, मग मी घ्यायचो. बऱ्याच वेळानं फडकं सारून पाहिलं, तर तिच्या बरगडीवर लालभडक गोल उमटलेला.

"सिस्टर! हिच्या अंगावर काहीतरी उठलंय! पसरून राहिलंय!"

सिस्टर धावत आली, मागून डॉक्टरबाई. सिस्टरनं माझ्या झग्यात हात घातला आणि डबी बाहेर ओढली. माझ्या काखेतून ती केव्हाच घरंगळून लेकीखाली गेली होती.

"सर, हे काय?"

"देव," मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी तो गोल बोटानं दाबून पाहिला. "ठसा आहे नुसता. जाईल. पण हे काढा."

"काढत नसतात, मॅडम."

आरडाओरड ऐकून आई दाराशी आली. "काय झालं रं? पोरगी बरी हाय न्हवं?"

मी काय झालं ते सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "आरं येड्या, दोरा पाठीवर टाक की! तुला पाजताना मी काय करत होते? वर्गात लई तोंड चालतंय, हितं विचारायला न्हवतं व्हय?"

दोरा पाठीवर गेला. मुलगी पुन्हा छातीवर. ठसा फिका होईस्तोवर मी त्यावरची नजर हलवली नाही. आणि मग तिचं डोकं हललं. डुगडुगत इकडं वळलं, तिकडं वळलं, तोंड उघडलं, आणि माझ्या केसाळ छातीवर तिनं जे सापडलं ते हिरड्यांत धरलं.

"आई गं! सिस्टर, ही मला—"

सिस्टर वाकली. तिचा आवाज एकदम खाली आला. "शोधून राहिली ती. हलू नका. तिच्या आईचा ताप उतरला का बघून येते." आणि ती जवळजवळ पळतच गेली.

मुलीनं दोनदा ओढलं. काही येईना. सोडून दिलं आणि रडायला लागली. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. तिच्या पाठीवर हात ठेवून मी बसलो. उगी उगी म्हणालो नाही. म्हटलं, रड, आणखी मोठ्यानं रड, तुझ्या आईच्या खोलीपर्यंत जाऊ दे.