काचेच्या टाकीतला लाल्या

मी दोह्यात पुण्याच्या एका साहेबांकडे ड्रायव्हर आहे. सुट्टीला घरचे सगळे भारतात निघाले, तेव्हा साहेबांच्या मुलीनं तिची काचेची टाकी माझ्या ताब्यात दिली. टाकीत तीन क्रेफिश. अंग कोळंबीचं, नांग्या खेकड्याच्या, रंग मातकट. लपायला प्रत्येकाला पाइपचा एकेक तुकडा. तिघं जिवंत पाहिजेत, एवढंच तिनं बजावलं. मी म्हटलं, बिनधास्त जा, आमचं गाव नदीकाठचं, खेकड्यांतच वाढलोय. खरं म्हणजे मी खेकडा रश्श्यातच ओळखतो.

आठव्या दिवशी बघतो तर एक मेलेला. उचलला तर नुसतं टरफल, आत कायबी नाही. मला वाटलं दुसऱ्या दोघांनी खाल्ला. त्यांना शिव्या घातल्या, टरफल कुंडीत पुरलं, हातसुद्धा जोडले. मग पळालो दुकानात. तसला मातकट नव्हता, लालभडक होता, दुप्पट मोठा. तोच आणला. म्हटलं, पोरीला सांगू, काकांनी खाऊ घालून वाढवला.

लाल्या टाकीत उतरला तसा त्यानं दोघांना हुसकून दोन पाइप बळकावले. खाणंही सगळं त्याचंच. मग तिसऱ्या पाइपात नांगी घातली, तर आतून माझा मेलेला बाहेर आला. जिवंत. गड्यानं नुसते कपडे बदलले होते, आणि मी पाइपात डोकावलोच नव्हतो.

मी घाबरून व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं ओकलो. पोरगी एरवी माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलते. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "काका, आधी लाल्याला काढा. कात टाकलेला तो अजून मऊ आहे, लाल्या त्याला खाईल."

हात घातला. मला पकडायची गरजच पडली नाही, लाल्यानंच माझा अंगठा पकडला. तसाच लटकत बाहेर आला.

म्हटलं, याला बागेतल्या तळ्यात सोडून देतो, खलास.

"नको ना काका. तळ्यांतपण असंच होतं. बाहेरचा आणून सोडला की तिथल्यांची घरं जातात."

ती परत आली, तिनं तिघं मोजले, मग माझा अंगठा बघून पोट धरून हसली. लाल्या माझ्या अल मन्सूऱ्यातल्या खोलीवर बादलीत आहे, पाइपच्या तुकड्यासकट. खोलीत आम्ही सहा जण. स्वतःची वेगळी खोली असलेला तेवढा तो एकटाच.