खोट्या मशीनची खरी फ्लॉपी

चहाचा कप आधी खाली ठेवा. मी जो गाढवपणा सांगणार आहे, तो ऐकताना शर्टावर सांडला तर मी जबाबदार नाही!

नांदेडला एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटरचा कारभार बघतो. क्लासची दुसरी शाखा लातूरला, तिथलं सगळं सुजाता बघते. दोन्हीकडे एकेक मोठा सर्व्हर, आणि त्याच्या पोटात आम्ही बरेच खोटे कॉम्प्युटर चालवतो. खोटे म्हणजे नुसते सॉफ्टवेअरचे. डबा नाही, वायर नाही, पण काम खऱ्यासारखं! असलं मशीन चालू असतानाच लातूरहून नांदेडला हलवता येतं, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अट एकच. लातूरला त्याला जे खोटे सुटे भाग लावलेत, ते नांदेडलाही मिळायला हवेत.

आता प्रत्येक मशीनला, न मागता, एक खोटी फ्लॉपी, म्हणजे जुन्या काळच्या चौकोनी चकत्या घालायचा खण, मिळायची. फ्लॉपी! आजच्या जमान्यात! एका सकाळी मला साफसफाईची हुक्की आली आणि नांदेडच्या सर्व्हरवर मी ती सरसकट बंद करून टाकली. सुजाताला सांगायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात येतं?

त्याच दुपारी सराव परीक्षा. जळकोटपासून माहूरपर्यंतची पोरं घरी बसून मोबाइलवर पेपर सोडवत होती. परीक्षेचं मशीन लातूरच्या सर्व्हरवर, आणि लातूरची लाइट गेली!

सुजाताचा फोन. "सर, इन्व्हर्टर बोंबलून राहिलाय. बंद पडला तर पोरांचे पेपर गेले! मशीन तुमच्याकडं धाडू का?"

"बिनधास्त धाडा!"

लगेच पुन्हा फोन. "सर, जाऊनच न्हाई राहिलं. नांदेडला फ्लॉपी न्हाई म्हणतंय!"

शहाण्या माणसानं काय केलं असतं? सकाळचा उद्योग आठवला असता. मी काय केलं? "आणतो!" म्हणून ओरडलो आणि गाडीला किक मारली.

थेट रफीकचाचांचं भंगारचं दुकान. "चाचा, फ्लॉपी ड्राइव्ह हाय का? लई अर्जंट!"

"हौ, होंगी ना. पर बेटा, आजकल ये लगाते किसमें?"

"लेकरांच्या भविष्याचा प्रश्न हाय, चाचा!"

भविष्य म्हटल्यावर चाचा स्वतः ढिगाऱ्यात घुसले. मिक्सर उडाले, पंखे उडाले. माझा मोबाइल सारखा वाजत होता. सुजाताच. मी कट करत होतो. आणतोय म्हटलं ना, जरा धीर नको?

शेवटी एक फ्लॉपी सापडली, ती घेऊन धापा टाकत परत आलो, स्क्रूड्रायव्हर काढला, सर्व्हरच्या झाकणाला हात घातला आणि मग कुठे फोन उचलला.

"सर, कुठं हायेत तुम्ही?"

"फ्लॉपी बसवून राहिलो!"

"कशात?"

"सर्व्हरमध्ये!"

मग हळूच आवाज आला, "सर, मशीनच खोटं हाय. त्याला खरी फ्लॉपी कशाला? सकाळी काही बदललं का तिकडं?"

काय सांगू, कान असे तापले! मुकाट्यानं सगळं कबूल केलं.

"नव्या मशीनला नका देऊ फ्लॉपी, बरोबर हाय. पण जुनी मशीनं फ्लॉपीसकट जन्मलीत. त्यांच्यापुरतं जुनंच राहू द्या. टाका सेटिंगमध्ये एवढी एक ओळ, इन्व्हर्टर संपत आलाय!"

टाकली. मशीन सुर्रकन नांदेडला आलं, आणि तिकडे इन्व्हर्टरनं मान टाकली. पोरांना काही कळलंही नाही. खरं सांगतो, मला रडूच आलं.

इथं संपलं असतं तर किती बरं होतं! पण लातूरची लाइट गेल्याचं ऐकून नेमके आमचे मालक नानासाहेब आत आले. समोर मी घामाघूम, डोळे ओले, हातात ग्रीसनं माखलेली फ्लॉपी.

"ह्या डबड्यानं वाचली परीक्षा?"

"म्हणजे... नानासाहेब... तसं बघितलं तर..."

"बस्स! याला म्हणतात जीव लावून काम करणं!" त्यांनी मला मिठीच मारली. अशा वेळी खरं बोलायला छाती लागते, आणि माझी तर मिठीत दाबली गेली होती.

दुसऱ्या दिवशी टेबलावर फ्लॉपी. तिला हळदकुंकू, झेंडूचा हार. सगळा स्टाफ गोळा, लातूरवाले व्हिडिओ कॉलवर. नानासाहेब म्हणाले, "नारळ तुम्हीच फोडायचा!"

मी नारळ उचलला. तेवढ्यात स्क्रीनवरून सुजाता बोलली, "सर, जपून. तो नारळ खरा हाय बरं का!"

सगळे खो खो हसले, माझा नेम चुकला. अंगठाही खराच होता, हे मला लगेच कळलं!